फेस धरून, का फेस सोडून?

रात्री साडेदहाला गंगावेशीत
म्हैस उभी असते बंद शटरकडं पाठ करून.
बसगोंडा उकिडवा, गुडघ्यांत चरवी;
धार आधी पत्र्यावर वाजते,
मग दुधातच बुडून जाते.

मुनाफ शिकलगार जेवून येतो.
दिवसभर उद्यमनगरात लेथवर
केसाएवढी चूक पकडणारा माणूस,
नखांत तेल, खिशात खडू.
कट्ट्याच्या फरशीवर तीन गोल काढतो:
"आठाची किटली भरलेली.
पाचाची रिकामी, तिनाची रिकामी.
दुसरं माप न्हाई.
दोघा भावांत दूध निम्मं करा बघू."

आम्ही वाकतो.
गुळाच्या अडत्याकडं खतावणी लिहिणारा मी,
सीपीआरची ड्यूटी संपवून आलेल्या प्रमिला सिस्टर,
आणि तलाठ्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेला धैर्यशील,
जो आधी विचारतो, "पर्याय काय काय हैत?"

पर्याय नसतात.
आठातून पाच. पाचातून तीन.
ते तीन परत आठात. उरलेले दोन तिनात.
(इथं सगळे एकदा भांडतात.)
पुन्हा पाच भर. त्यातला एकच लिटर
तिनाच्या काठापर्यंत.
पाचात राहतात चार. तीन परत मोठ्या किटलीत,
तिथंही चार.
"सात वेळा ओतायचं," मुनाफ म्हणतो, "सहात हुतच न्हाई."

बसगोंडा मान वर न करता:
"फेस धरून, का फेस सोडून?"

खडू थांबतो.
लेथवर हा प्रश्न कधी आलेला नसतो.

मग धैर्यशीलला चेव येतो. त्याचं कोडं जुनंच:
नदी. नाव लहान. नावाडी आणि आणखी एकच.
वाघ, शेळी, गवताची पेंढी.
मागं ठेवलं तर एक दुसऱ्याला खाणार.
शेळी न्यायची, रिकामं यायचं,
वाघ न्यायचा, आणि इथंच मेख आहे,
नेलेली शेळी परत आणायची.
मला हे दर वेळी अवघड जातं,
पैलतीराला लागलेलं परत आणणं.
मी बोटं मोजतो. फेऱ्या सात.
म्हणजे दुधालाही सात, नदीलाही सात;
मी एकटाच खुश होतो, कुणाला सांगत नाही.

"चार म्हशी हुत्या," बसगोंडा म्हणतो.

धार चालूच.

"पुराच्या साली, चिखलीत. नाव आली माणसांसाठनं.
म्हशी न्हाईत चालणार, म्हटले पोरं.
बरोबर हाय. म्हैस काय नावंत मावत न्हाई.
मी फक्त रेडकू घेतलं मांडीवर,
दावी कापली, आणि बसलो.
रेडकू वरडलं, तशी त्याची आई उतरली पाण्यात.
तिच्या मागनं दुसरी. तिच्या मागनं तिसरी.
नाकं तेवढी वर."

धैर्यशील म्हणतो, "लय भारी! म्हंजे एकाच फेरीत!"

"चौथी दारातच उभी राहिली.
दावं कापलं हुतं की तिचं. सुटलेलीच हुती."
चरवी तो दुसऱ्या गुडघ्यावर घेतो.
"ती कुठल्या फेरीत धरायची, सांगा."

कुणी सांगत नाही.
मुनाफ चपलेनं एक गोल पुसतो,
कुठला, तेही न बघता.
शटरवर म्हशीची शेपटी आपटते.

मग सिस्टर, ज्या कधीच घालत नाहीत, हुमाण घालतात,
लहान पोराला सुई टोचताना बोलावं तशा आवाजात:
"पांढरा फेटा, डोकं न्हाई.
फुंकर मारली, फेटा न्हाई."

मुनाफ म्हणतो कापूस. धैर्यशील म्हणतो ढग.
मी राख म्हणतो आणि मलाच ते आवडत नाही.
गरम ग्लास हातात येतात,
आम्ही विचार करत करत पितो,
आणि सिस्टर आमच्या तोंडांकडं बघून
पदर लावून हसतात.
"जवळ हाय," म्हणतात. "लय जवळ."

बसगोंडाला कळलेलं असतं.
तो म्हशीच्या पाठीवर थाप मारतो,
आणि आम्ही तिघं
एकाच वेळी
मनगटानं ओठ पुसतो.